आपल्या गावचा नकाशा वेबवर टाकताना लागणारे कोडचे तुकडे – इथे जमा करूया

माणदेशी_विहीर

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने आम्ही चार-पाच जण माण तालुक्यातल्या काही गावांच्या विहिरींचा नकाशा करतोय. सार्वजनिक विहिरी, आणि ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या खाजगीसुद्धा. कुठली विहीर कुठल्या महिन्यात तळ गाठते, पाणी किती फुटांवर आहे, पावसानंतर किती वर आलं, हे गावातल्या माणसाला मोबाइलवर बघता यावं एवढीच इच्छा. मी पूर्णवेळ प्रोग्रामर नाही, दहिवडीत कॉम्प्युटरचे क्लास घेतो, त्यामुळे बहुतेक सगळं ठेचा खात शिकलोय. आणि माझ्या लक्षात असं आलंय की लीफलेट ही नकाशाची जावास्क्रिप्ट लायब्ररी कशी वापरायची, मार्कर म्हणजे ठिपका कसा टाकायचा हे नेटवर हजार ठिकाणी मिळतं, पण आपला डेटा जसा येतो ना, म्हणजे वहीत लिहिलेला, अर्धा मराठी आकड्यात, तीन प्रकारच्या स्पेलिंगमध्ये, तो नीट करायचे तुकडे कुठेच मिळत नाहीत. प्रत्येकजण तीच एक संध्याकाळ घालवतो. म्हणून हा धागा.

एक विनंती, कोड जसाच्या तसा न चिकटवता पायऱ्या मराठीत लिहा, म्हणजे जावास्क्रिप्टवाला, पायथनवाला, एक्सेलवाला सगळ्यांना उचलता येईल. सुरुवात माझ्यापासून करतो.

आमच्याकडे २१४ विहिरी वहीत होत्या. पहिल्यांदा नकाशावर टाकल्या तेव्हा ३७ विहिरी थेट पलीकडे, तालुक्याच्या बाहेर तीसेक किलोमीटर दक्षिणेला पडल्या. मी दोन दिवस कोड तपासत बसलो. कोडमध्ये काहीच नव्हतं. ज्या मुलाने ती वही भरली त्याच्या फोनमधलं ॲप अंश-कला-विकला (डिग्री-मिनिट-सेकंद) दाखवत होतं, १७ अंश ४२ कला १५ विकला, आणि त्याने ते वहीत १७.४२१५ असं लिहिलं होतं. खरा आकडा १७.७०४२. फरक ०.२८ अंश, म्हणजे जवळजवळ ३१ किलोमीटर.

तुकडा सोपा आहे:

दशांश = अंश + (कला ÷ ६०) + (विकला ÷ ३६००)

पण खरी गंमत ही चूक पकडायची कशी यात आहे, कारण १७.४२१५ हा आकडा दिसायला अगदी बरोबर वाटतो. तर युक्ती अशी: प्रत्येक वहीचा रकाना वेगळा घ्या, दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे काढा आणि त्यातला सगळ्यात मोठा बघा. कला कधीच ५९ च्या वर जात नाही. आमचं माण तालुक्याचं काम १७.५ ते १७.९ च्या पट्ट्यात आहे, म्हणजे ६०, ७०, ८० ने सुरू होणारे आकडे भरपूर यायलाच हवेत. एका अख्ख्या वहीत एकही आकडा ५९ च्या पुढे नसेल तर ती वही कला-विकलेत आहे, समजून जा. तिसरे-चौथे आकडेही तसेच ६० च्या आत असतील तर खात्रीच. हे कळल्यावर ३७ च्या ३७ विहिरी दहा मिनिटांत जागेवर आल्या.

दुसरा तुकडा म्हणजे कुंपण. कुठलीही नोंद आत घ्यायच्या आधी:

जर अक्षांश १५ ते २३ च्या बाहेर किंवा रेखांश ७२ ते ८१ च्या बाहेर, तर नोंद बाजूला काढून वेगळ्या यादीत टाका, पुसू नका.

महाराष्ट्रासाठी हे पुरतं. गोवा घ्यायचा असेल तर खाली १४.८ पर्यंत जा. पुसू नका हे मुद्दाम लिहितोय, कारण चुकीच्या नोंदीच सगळ्यात जास्त शिकवतात.

कोकणकडा

फार गरजेचा धागा, वाचनखूण साठवली. तुमच्या कुंपणात अजून एक ओळ घाला दादा. नोंद कुंपणाबाहेर गेली की आधी अक्षांश-रेखांश उलटे करून परत तपासायचं, आत बसली तर "उलटी" असा शेरा मारून ठेवायचा. आपल्या भागात हे फार सोपं आहे कारण आपले अक्षांश २३ च्या खाली आणि रेखांश ७२ च्या वर, दोघांत गल्लत व्हायला जागाच नाही. 

माझ्या पहिल्या नकाशात सगळा सिंधुदुर्ग गायब होता आणि नकाशा लहान करत करत गेलो तर सगळे ठिपके नॉर्वेच्या वर समुद्रात. तेव्हा कळलं की महाराष्ट्र उलटा केला की तो बरोबर ट्रॉम्सो ते स्वालबार्ड या पट्ट्यात जाऊन पडतो. तुमची दहिवडी उलटी केली तर बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या अगदी जवळ पडेल. आता मला कुणी सांगितलं "ठिपके दिसत नाहीत" तर मी आधी तिथेच जाऊन बघतो.

एक प्रश्न पण आहे. माझा नकाशा टॅबमध्ये आहे, पहिला टॅब "माहिती", दुसरा "नकाशा". दुसऱ्या टॅबवर गेलं की वरच्या डाव्या कोपऱ्यात एकच तुकडा दिसतो, बाकी राखाडी. पान रिफ्रेश केलं तरी तसंच. खिडकीचा आकार जरा बदलला की मात्र लगेच नीट होतो.

जीआयएस_ताई

@कोकणकडा, तुम्हीच उत्तर दिलंय, आकार बदलला की नीट होतो. लीफलेट सुरू होतं तेव्हा तुमचा टॅब झाकलेला असतो, झाकलेल्या डब्याची रुंदी-उंची शून्य, त्यामुळे त्याला वाटतं नकाशा एवढासाच आहे. टॅब उघडल्यावर त्याला परत मोजायला सांगायचं:

टॅब उघडला → एक क्षण थांबा → नकाशावर "इनव्हॅलिडेट साइझ" हे फंक्शन चालवा

थांबायचं कारण, टॅब उघडायचं ॲनिमेशन संपायच्या आत मोजलं तर परत चुकीचं माप मिळतं. आणि नकाशाच्या डब्याला सीएसएसमध्ये उंची दिलीच पाहिजे, टक्क्यात दिली तर त्याच्या आईबापाला पण उंची हवी. "नकाशा येतच नाही" वाल्यांपैकी निम्म्यांचं काम या एका ओळीत होतं. तुकडे सगळ्या पानभर विखुरलेले दिसत असतील तर लीफलेटची सीएसएस फाइल जोडायची राहिली आहे.

उलट्या आकड्यांबद्दल जरा सविस्तर सांगते कारण हा गोंधळ माणसाच्या चुकीमुळे नाही, पद्धतीच दोन आहेत. लीफलेटच्या मार्करला आधी अक्षांश मग रेखांश लागतो. जिओजेसनमध्ये, म्हणजे नकाशाचे ठिपके-हद्दी साठवायच्या फाइलमध्ये, आधी रेखांश मग अक्षांश, २०१६ साली आरएफसी ७९४६ म्हणून त्याचं प्रमाण ठरलं त्यात स्पष्ट लिहिलंय. एक्स आधी, वाय नंतर, गणितातल्यासारखं. लीफलेटला अख्खं जिओजेसन दिलं तर तो स्वतः उलटवून घेतो, पण तुम्ही जिओजेसनमधून हाताने आकडे काढून मार्करला दिलेत की फसलात. मॅपलिब्रे (लीफलेटसारखीच नकाशाची लायब्ररी) आणि टर्फ (नकाशावरची गणितं करणारी लायब्ररी) या दोघांनाही रेखांश आधी लागतो. माझ्या टीममध्ये मी नियमच केलाय की व्हेरिएबलला "पॉइंट" किंवा "कोऑर्ड" असं नाव द्यायचंच नाही, नावातच क्रम हवा, "लॅटलाँग" नाहीतर "लाँगलॅट". वाचतानाच चूक दिसते.

नवशिकी

मी एमएला आहे, भूगोल, कोडिंग आत्ता सहा महिन्यांपूर्वी सुरू केलं. मला जिल्हावार साक्षरतेचा रंगीत नकाशा करायचाय. जनगणनेची एक्सेल आहे, जिल्ह्यांच्या हद्दींची जिओजेसन फाइल आहे, दोन्ही नावावरून जोडले तर दहा-बारा जिल्हे पांढरेच राहतात. मी हाताने नावं दुरुस्त करत बसलेय पण प्रत्येक वेळी नवीन फाइल आली की परत तेच. काही सोपं आहे का? प्रश्न फार बाळबोध असेल तर माफ करा.

लाल_डबा

अजिबात बाळबोध नाही, नोकरीत दहा वर्षं झालेली माणसं पण नावावरून जोडतात आणि फसतात.

नावावरून कधीच जोडू नका. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्याचा कोड २७ आणि प्रत्येक जिल्ह्याला तीन आकडी कोड आहे, नंदुरबार ४९७ पासून सांगली ५३१ पर्यंत, पुणे ५२१. तुमच्या एक्सेलमध्ये तो रकाना असणारच, हद्दींच्या फाइलमध्येही बहुतेक वेळा असतो. त्यावरून जोडा. नावांचं काय होतं बघा, जनगणनेच्या इंग्रजी याद्यांत बीडचं "बिड" आहे, गोंदियाच्या स्पेलिंगमध्ये वाय जास्तीचा, रायगडच्या शेवटी "आरएच". त्यात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. नवी फाइल नव्या नावाने येणार, जुनी जुन्या.

आणि पालघर! तो १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणजे २०११ च्या आकड्यांत तो नाहीच. तुमच्या हद्दींच्या फाइलमध्ये ३६ जिल्हे असतील आणि आकडे ३५ चे असतील तर पालघर पांढरा राहणारच आणि ठाण्यात पालघरचे लोक मोजलेले असणार. हे कोडने सुटत नाही. एकतर २०११ च्या हद्दी घ्या, नाहीतर तालुकावार आकडे घेऊन पालघरचे तालुके वेगळे मिळवा. ठाण्याचा आकडा पालघरला चिकटवू नका, मी असे छापलेले नकाशे पाहिलेत.

कोडने जोडतानाही एक खोड: एका फाइलमध्ये ५२१ हा आकडा असतो आणि दुसऱ्यात "५२१" ही अक्षरं. जावास्क्रिप्ट दोघांना वेगळं मानतं आणि एकही जिल्हा जुळत नाही. म्हणून

दोन्हीकडचा कोड आधी अक्षरांत बदला → पुढची-मागची मोकळी जागा छाटा → तीन आकड्यांपेक्षा कमी असेल तर डावीकडे शून्य भरा → मग जोडा

शून्य आपल्या राज्यात लागत नाही पण देशाचा नकाशा करायला घ्याल तेव्हा जम्मू-काश्मीरचे कोड ००१ पासून सुरू होतात आणि एक्सेल ती शून्यं खाऊन टाकतं.

शेवटी न जुळलेल्यांची यादी छापायची, दोन्ही बाजूंची. हा सगळ्यात महत्त्वाचा तुकडा आहे. पांढरा जिल्हा नकाशावर शोधत बसू नका, यादी सांगेल.

नवशिकी

यादी छापली!! डावीकडे शून्य उरले, उजवीकडे फक्त पालघर. पंधरा दिवसांचं काम होतं हे माझं. मी २०११ च्याच हद्दी घेते.

आता अजून एक, सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी विचित्र चिन्हं येतात, नोटपॅडमध्ये मात्र नीट दिसतं.

लाल_डबा

फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) आहे पण एक्सेलला ते कळत नाही. पायथनने लिहीत असाल तर एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" द्या, सुरुवातीला एक खूण पडते ती बघून एक्सेल ओळखतं. पण मग तीच फाइल परत वाचताना पण "सिग" च द्या, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला ती अदृश्य खूण चिकटून येते आणि "कोड" नावाचा रकाना सापडत नाही म्हणून रडतं.

माणदेशी_विहीर

अदृश्य खुणांवरून आठवलं, हे मला सांगायचंच होतं. आमच्या साइटवर गाव शोधायची पेटी आहे. एका शाळेतल्या सरांनी फोन केला की कऱ्हाड टाकलं की काहीच येत नाही. मी टाकलं तर येत होतं. ते म्हणाले नाही येत. शेवटी मी त्यांना व्हॉट्सॲपवर तोच शब्द पाठवायला सांगितला, तो चिकटवला, खरंच येत नाही. दोन्ही शब्द शेजारी ठेवले, डोळ्याला तंतोतंत सारखे.

मग एकेक अक्षर सुटं करून छापलं. माझा कीबोर्ड नुक्त्याचा ऱ टाकतो, त्यापुढे हलंत, मग ह. सरांचा कीबोर्ड साधा र, हलंत, मग एक अदृश्य जोडणी-चिन्ह, मग ह. दिसतं एकच, आतून वेगळं. युनिकोडचं नॉर्मलायझेशन लावलं तरी हे जुळत नाही, कारण नॉर्मलायझेशन र आणि सुटा नुक्ता यांचा एक ऱ करतं पण या अदृश्य चिन्हाला हात लावत नाही. म्हणून दोन पायऱ्या:

१) युनिकोडचं एनएफसी प्रकारचं नॉर्मलायझेशन लावा
२) "र + हलंत + जोडणी-चिन्ह" जिथे असेल तिथे "ऱ + हलंत" करा, मग उरलेली सगळी अदृश्य चिन्हं काढा

हे साठवताना पण करायचं आणि शोधताना वापरणाऱ्याच्या शब्दावर पण. क्रम उलटा केलात, म्हणजे अदृश्य चिन्ह आधी काढलंत, तर कऱ्हाडचं "कर्हाड" होतं, रफार वर जातो आणि कायमचा बिघडतो. शिवाय एक टोपणनावांची छोटी यादी ठेवा, कऱ्हाड आणि कराड एकच.

ज्यांची गावं ऱ्या, ऱ्हा वाली आहेत त्यांनी तपासून बघाच. सर बिचारे महिनाभर समजत होते की त्यांचाच फोन खराब आहे.

टोरांटोकर

इथे कामावर रोज नकाशेच करतो पण मराठी डेटाला हात लावायची वेळ घरच्यांसाठी केलेल्या एका साइटवर आली, तेव्हा या गोष्टी समोर आल्या, त्यात भर घालतो.

मराठी आकडे. वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये १८.५२ असं देवनागरीत भरलं की जावास्क्रिप्ट त्याला आकडा मानतच नाही, "नॅन" देतं. पायथन मात्र तेच देवनागरी आकडे सरळ आकड्यात बदलून देतं. म्हणून सर्व्हरवर चाललं आणि ब्राउझरमध्ये अडकलं असं होतं. तुकडा: ० ते ९ अशी देवनागरी आकड्यांची एक माळ ठेवा, अक्षराचं माळेतलं स्थान हाच त्याचा आकडा, सगळीकडे बदला, मग संख्या करा. उलट बाजूला ब्राउझरचंच नंबर फॉरमॅट भाषा मराठी देऊन वापरलं की आकडे आपोआप देवनागरीत येतात, आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम पण आपल्या पद्धतीने.

अनुक्रम. साधं सॉर्ट केलं की ळ हा ल च्या लगेच मागे येतो कारण युनिकोडमध्ये तो तिथे बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. तुलना करताना मराठीचा कोलेटर (भाषेप्रमाणे क्रम लावणारं साधन) वापरा, गावांची यादी मग शाळेत शिकलो त्या क्रमाने लागते.

आणि तिसरं ज्याने मला खूप त्रास दिला. वेक्टर टाइल्सवाले नकाशे, म्हणजे मॅपलिब्रे, जे मॅपबॉक्सचा परवाना २०२० च्या डिसेंबरमध्ये बदलल्यावर त्यातून वेगळं निघालं, त्यावर मराठी नावं टाकली तर जोडाक्षरं सुटतात, हलंत उघडा दिसतो, "पिंपरी" तली पहिली वेलांटी प च्या मागे जाऊन बसते. तिथे अक्षरं एकेक करून चिकटवली जातात, आपल्या लिपीसारखी एकमेकांत गुंफली जात नाहीत. मी फॉन्ट बदलत बसलो होतो, फॉन्टचा दोष नाही. उपाय: नकाशाच्या आतली नावं बंद करा, आणि जी थोडी महत्त्वाची नावं आहेत ती साध्या एचटीएमएल मार्करमध्ये टाका, ते ब्राउझर स्वतः काढतो आणि ब्राउझरला देवनागरी उत्तम येते. शंभर-दोनशे नावांपर्यंत काही अडचण येत नाही. लीफलेटमध्ये कायमचा टूलटिप लावला तरी तेच काम होतं.

वर्धेकर

आमच्याकडे शेततळ्यांचा नकाशा केला होता तेव्हाची गोष्ट सांगतो. शेताच्या कडेने बोट फिरवून आकार काढायचा आणि क्षेत्रफळ लगेच दाखवायचं. एका काकांनी स्वतःचं शेत काढलं, सातबाऱ्यावर बरोबर १ हेक्टर, आमच्या पानावर १ हेक्टर ११ आर. काका म्हणाले हे कागद करून द्या, मला अकरा आर जास्तीची मिळाली. त्यांचा आनंद बघून मला फार वाईट वाटलं, कारण दुसऱ्या दिवशी जाऊन चूक सांगावी लागली.

चूक ही की मी वेब मर्केटर, म्हणजे वेब नकाशांचं नेहमीचं प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत), ईपीएसजी यादीत क्रमांक ३८५७, याच्या मीटरमध्ये क्षेत्रफळ काढलं होतं. तो नकाशा विषुववृत्तापासून जसं वर जावं तसा फुगतो. आपल्याकडे साताऱ्याला सुमारे दहा टक्के, वर्ध्याला चौदाच्या आसपास. माझ्या हिशोबात चौदा टक्के यायला हवं होतं, अकरा आलं, कारण काकांनी बांध सोडून आतून बोट फिरवलं होतं. तर क्षेत्रफळ कधीही पडद्यावरच्या प्रोजेक्शनमध्ये काढायचं नाही. टर्फचं "एरिया" फंक्शन अक्षांश-रेखांशावरून थेट चौरस मीटर देतं, ते वापरा.

हेक्टर = चौरस मीटर ÷ १०,०००
आर = चौरस मीटर ÷ १००
गुंठे = चौरस मीटर ÷ १०१.१७

४० गुंठ्यांचा एकर. लोकांना तिन्ही दाखवा, आमच्याकडे एकर चालतो, कागदावर हेक्टर-आर असतात.

क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) मोजणाऱ्यांनी यूटीएम झोन, म्हणजे मीटरमध्ये मोजण्यासाठी पाडलेला पृथ्वीचा उभा पट्टा, नीट घ्यावा. ७८ रेखांशाच्या पश्चिमेला ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३, पूर्वेला ४४, म्हणजे ३२६४४. पुण्या-मुंबईकडचे ट्युटोरियल बघून सगळे ४३ घेतात, पण वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये येतात. आणि पानावर ठळक लिहा की हे मोजणीचं माप नाही. ते ठिकाण मोजणी खात्याचं.

कोकणकडा

हे सगळं करण्यापेक्षा गूगलच्या नकाशावर पिना टाकून लिंक दिली तर काय बिघडतं? मी विरोध म्हणून नाही विचारत, आमच्या ग्रामपंचायतीत हाच प्रश्न येतो.

जीआयएस_ताई

दहा पिना असतील तर तेच करा, खरंच. पण माणदेशी दादांच्या विहिरींची पातळी दर महिन्याला बदलते, जुन्या नोंदी ठेवायच्यात, उद्या कुणाला तालुक्याची बेरीज हवी, तर डेटा आपल्या हातात आपल्या फाइलमध्ये असायला हवा. आणि ओपनस्ट्रीटमॅपवर, जे २००४ मध्ये सुरू झालं, तुम्ही तुमच्या गावचा ओढा, पाणंद, मारुतीचं देऊळ मराठी नावासकट स्वतः टाकू शकता, मग ते सगळ्यांचं होतं. विहिरींसाठी तिथे वेगळी खूण ठरलेली आहे, ओव्हरपासवर (ओपनस्ट्रीटमॅपमधून हवा तो डेटा काढायची सेवा) तालुक्याची चौकट देऊन ती खूण मागितली की आधीच कुणी टाकलेल्या विहिरी जिओजेसनमध्ये हाती येतात. तिथून सुरुवात करा, शून्यापासून नको.

मात्र फुकट आहे म्हणून कसंही वापरू नका. नॉमिनॅटिमचा, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवर ठिकाण शोधून देणाऱ्या सेवेचा, सार्वजनिक सर्व्हर वापरून गावांचे अक्षांश-रेखांश काढत असाल तर सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती, आणि आलेलं उत्तर साठवून ठेवायचं, तेच परत विचारायचं नाही:

साठ्यात आहे का? → असेल तर तेच द्या → नसेल तर एक सेकंद थांबा, विचारा, साठवा

नुसतं "वडगाव" विचारू नका, राज्यात किती वडगावं आहेत ती मोजता येणार नाहीत. गाव, तालुका, जिल्हा तिन्ही द्या, आणि आलेला ठिपका तालुक्याच्या हद्दीत आहे का ते टर्फच्या पॉइंट-इन-पॉलिगॉनने तपासा. नॉमिनॅटिम अक्षांश-रेखांश अक्षरांच्या रूपात देतं, आकड्यांच्या नाही, त्यात ०.०१ मिळवायला गेलात तर बेरीज न होता शेपूट चिकटतं. आधी आकडा करा. आणि नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचं श्रेय राहू द्या. काही जण "स्वच्छ दिसावं" म्हणून ते झाकतात, मला ते अजिबात आवडत नाही, कुणीतरी उन्हात फिरून ते टाकलंय.

एक राहिलं. सार्वजनिक साइटवर देशाची बाहेरची हद्द दाखवत असाल तर ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच हवी, परदेशी टाइल्समध्ये ती तशी नसते. तालुक्यापुरता नकाशा असेल तर लहान करायची मर्यादा घाला, म्हणजे प्रश्नच येत नाही.

लाल_डबा

वेगाबद्दल कुणी बोललं नाही. मला एका कार्यालयातून गावांच्या हद्दींची फाइल मिळाली, एका जिल्ह्याची ३८ एमबी. घाटात जिथे नेटवर्कची एक काडी येते तिथे ही कोण उघडणार. उघडून बघितली तर प्रत्येक बिंदूला दशांशानंतर पंधरा आकडे. पाच आकडे म्हणजे सुमारे एक मीटर अचूकता, सहा म्हणजे अकरा सेंटीमीटर. पंधरा आकडे मुंगीचा पाय पण मोजतील. मॅपशेपर या हद्दींच्या फाइली हलक्या करायच्या साधनात टाकली, पाच आकड्यांवर आणली, रेषा दहा टक्क्यांवर साध्या केल्या, "आकार टिकवा" ही खूण चालू ठेवून, नाहीतर लहान वाड्या पूर्ण नाहीशा होतात. २ एमबीच्या आत आली, डोळ्याला फरक नाही. मॅपशेपरच का, तर तो शेजारच्या दोन गावांची सामायिक शीव एकदाच साधी करतो, त्यामुळे मध्ये फटी पडत नाहीत. 

हजारो ठिपके असतील तर लीफलेटला "प्रिफर कॅनव्हास" चालू करा आणि मार्करऐवजी सर्कल मार्कर वापरा, साधे मोबाइलसुद्धा तगतात.

वर्धेकर

आणि मंडळी, जिओजेसनमध्ये मालकाचं नाव, फोन नंबर ठेवू नका. पॉपअपमध्ये दाखवत नाही म्हणजे लपलं असं नाही, फाइल ब्राउझरमध्ये पूर्ण उतरते, कुणीही उघडून वाचू शकतो. छापायच्या आधी "एवढेच रकाने ठेवा" अशी यादी लावून नवीन फाइल बनवा. "हे रकाने काढा" अशी नको, कारण उद्या कुणी नवीन रकाना वाढवला की तो निसटतो.

माणदेशी_विहीर

वर्धेकर, फार बरं झालं सांगितलंत, आमच्या फाइलमध्ये फोन नंबर होते. आत्ताच काढून फाइल बदलली.

गेल्या आठवड्यात जे झालं ते सांगतो. आम्ही नकाशा मोठ्या कागदावर छापून ग्रामपंचायतीत लावला होता. एक आजी आल्या, सत्तरीच्या पुढच्या, नातवाला घेऊन. बराच वेळ बोट फिरवत होत्या, मग म्हणाल्या, "माझी हीर वढ्याच्या अल्याड हाय, तुमी पल्याड का काढली?" मी म्हटलं आजी फोनवरून घेतलंय, चूक नसेल. त्या म्हणाल्या, "सासऱ्यानं खांदली तवा मी माती वाहिलीया."

मी संध्याकाळी त्यांच्याबरोबर गेलो. विहीर खरंच ओढ्याच्या अलीकडे. काठावर उभं राहून फोनवर जागा घेतली, अचूकता १५ मीटरच्या आत येईपर्यंत थांबलो, आधीच्या ठिपक्यापासून जवळजवळ १४० मीटर लांब. घरी येऊन बघितलं तर ही विहीर फोनवरून घेतलेली नव्हतीच. पहिल्या महिन्यात आम्ही ५२ विहिरी सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे छापील नकाशांवरून, उचलल्या होत्या, नंतर विसरून गेलो. शेजारच्या तीन विहिरी परत मोजल्या, चारही एकाच दिशेला, जवळजवळ तेवढ्याच सरकलेल्या. एकाच दिशेला म्हणजे हातचुकी नाही, काहीतरी मुळातच वेगळं आहे.

जीआयएस_ताई

डेटम, म्हणजे पृथ्वीचा जो आकार धरून अक्षांश-रेखांश मोजलेत तो पाया. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट लंबवर्तुळावर आहेत, १८३० च्या मापांवरचं, फोनचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. तोच अक्षांश-रेखांश दोन्हीत वेगळ्या जागी पडतो, आपल्याकडे शंभर-दीडशे मीटरचा फरक येतो. क्यूजीआयएसमध्ये ती शीट बसवताना तिचा डेटम कल्याणपूर द्या, ४३२६ (डब्ल्यूजीएस ८४ चा ईपीएसजी क्रमांक) नका देऊ, आणि मग सगळा थर ४३२६ मध्ये बदलून घ्या. ५२ ही एकदम सरकतील. आणि हो, प्रत्येक नोंदीला "उगम" असा रकाना हवा, फोन, टोपोशीट, सांगोवांगी, जे असेल ते.

माणदेशी_विहीर

ताई, केलं. ५२ च्या ५२ सरकल्या, आजींची विहीर ओढ्याच्या अलीकडे आली, काठावर घेतलेल्या ठिपक्यापासून ९ मीटरवर. उगमाचा रकाना पण घातला.

जागेवर जाऊन तपासायचा पानावरचा तुकडाही टाकून ठेवतो:

लोकेशन सतत बघत राहा, हाय ॲक्युरसी चालू → अचूकता १५ मीटरपेक्षा कमी झाली की थांबा आणि साठवा → दोन मिनिटांत झाली नाही तर जी सगळ्यात चांगली आली ती साठवा, पण अचूकतेचा आकडा नोंदीसोबत लिहा

साइट एचटीटीपीएसवर असली पाहिजे, नाहीतर ब्राउझर लोकेशन देतच नाही. झाडाखाली उभं राहू नका.

अकरा विहिरी तपासून झाल्या, सगळ्या बरोबर. उरलेल्या ४१ साठी रविवारी सकाळी सातला निघतोय, आजींचा नातू पण येतोय, त्याला त्या भागातल्या सगळ्या पाणंदी माहीत आहेत. आल्यावर इथे आकडे टाकतो.